माप त्यांनीच ओलांडलं

आमच्या खानदानात कुठलंही लग्न ठरलं की नवरीला उखाणा करून द्यायचं काम माझ्याकडं येतं. पोरी येतात, शेजारी बसतात, "मामी, एक झकास करून दे," म्हणतात, आणि मी भाजी निवडता निवडता करून देते. या मामीला स्वतःच्या लग्नात एक नाव घेता आलं नव्हतं, हे त्या पोरींना कुणी सांगितलेलं नसतं. ज्यांना ते माहीत आहे त्यांनी आता ती गोष्ट काढायची सोडून दिली. म्हणून मीच सांगते. बोलायला मी अजून तितकीच कच्ची आहे. लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही, तेवढाच फायदा.

माझं माहेर सोनपेठजवळचं. गावात मला घुमी म्हणायचे. पाव्हणे आले की मी दाराआड, पाव्हणे गेले की ओट्यावर. आई म्हणायची, "हिच्या तोंडात मूग भिजू घातलेत. मोड आले की बोलंल." मोड काही आले नाहीत. लोकांना वाटायचं, पोरीच्या डोक्यात काही नसेल. डोक्यात तर बाजार भरलेला असायचा. कुणी टोमणा मारला की मला फार उत्तम उत्तर सुचायचं, फक्त ते टोमणा मारणारा आपल्या घरी जाऊन जेवून झोपल्यावर. मग मी ते उत्तर मनात घोळवायची, त्यावर तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणीन, असं सगळं भांडण एकटीनं करून एकटीनंच जिंकायची. अशी मी बालपणी पुष्कळ भांडणं जिंकली. कुणाला पत्ता नाही.

मला बघायला परभणीहून लोक आले तेव्हा वडलांनी आधीच सांगून टाकलं, "लेक गरीब हाय. तोंडातून शबद न्हाई." दुसऱ्या कुणी हे ऐकून काढता पाय घेतला असता. पण मुलाच्या चुलत्याला उलट आनंद झाला. म्हणाले, "आमचं पोरगंबी तसंच. विचारलं तर बोलतंय, न्हाई विचारलं तर उन्हाळा काढतंय." तेवढ्यात आमच्यातला एक म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, "दोगंबी मुके. मग भांडायचं कुणी?" सगळे हसले आणि सुपारी फुटली. आमचं लग्न असं ठरलं. दोन शांत माणसं एकमेकांना समजून घेतील, असा हिशेब त्यात होता. दोन बंद कुलपं शेजारी ठेवली म्हणून एकातून दुसऱ्याची किल्ली निघत नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

वरात परभणीच्या घरी पोचली. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप, आणि त्याच्या पलीकडं दोन्ही हात चौकटीला लावून माझी नणंद. ह्यांची थोरली बहीण, मी त्यांना वन्सं म्हणायची. बोलणं म्हणजे त्यांचा श्वास.

"नाव घे, मग आत ये," वन्सं म्हणाल्या.

माझी तयारी होती, महिनाभराची. गोदाकाठच्या रानात हरभरा लागला घाट्याला, अमक्यांचं नाव घेते, दार सोडा वाटेला. उखाणा काही फार मोठा नव्हता, पण माझा होता, मीच केला होता. तो माझ्या जिभेच्या मुळाशी येऊन बसला. पुढं येईना.

"घे की. न्हवऱ्याचंच घ्यायचंय, सावकाराचं न्हाई."

मागं बायका हसल्या. बँडवाला वाजवायचा थांबला, त्यालाही ऐकायचं होतं. मी मान खाली घालून मापातले तांदूळ बघत होते. त्यात एक किडा फिरत होता, तोही मला अजून आठवतो. उखाणा डोक्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजत होता. बाहेर आवाज शून्य.

"घेतल्याबिगर मी सोडायली न्हाई," वन्सं म्हणाल्या. "सकाळ झाली तरी हुबी ऱ्हा."

मला वाटलं, सकाळ होईल. आणि मग शेजारी उभ्या असलेल्या माणसानं, ज्याचं नाव मला घ्यायचं होतं आणि ज्याचं तोंड मी अजून नीट बघितलंही नव्हतं, त्यानं आपला उजवा पाय उचलला, माप लवंडलं, बहिणीच्या हाताखालून वाकून आत निघून गेला. शेल्याची गाठ बांधलेली होती, म्हणून त्याच्या मागोमाग मीही ओढली गेले.

क्षणभर कुणालाच कळेना हसावं की रागवावं. सासूबाई म्हणाल्या, "अरं, माप नवरीनं वलांडायचं असतंय." हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. पुढं कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत ह्यांना सून म्हणायचे. "काय, परभणीची सून कुठं निघाली?" अशी चौकशी व्हायची. त्यांनी ते मुकाट सोसलं. माझ्यासाठी सोसलं की त्यांना स्वतःलाच ती गर्दी सहन झाली नव्हती, हे मी त्यांना विचारायचं ठरवलं होतं. सवडीनं.

वन्संनी मात्र सोडलं नाही. "तुझ्याकडं माझ्या भावाचं एक नाव ऱ्हायलंय," असं त्या दर सणाला म्हणायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका गोल करून बसल्या की एकेक जण नाव घेत यायची, आणि माझ्यापाशी आलं की वन्सं म्हणायच्या, "हिला सोडा, हिचं चालू हाय. पोटात." बायका हसायच्या. मीही हसायची. खरंच चालू होतं.

आता ह्यांच्या नोकरीविषयी सांगते, कारण त्यावर सांगूनही कुणाचा विश्वास बसत नाही. घरात दिवसभरात चार वाक्यं बोलणारा हा माणूस परभणीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता आणि माईकवरून गाड्यांची घोषणा करायचा. आवाज असा, की बाजारातले लोक मान वळवायचे. भरदार, सावकाश, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. "पोखर्णीमार्गे सोनपेठला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." घरी तोच माणूस मीठ कमी झालं तर भाताकडं बघत बसायचा, मी बघीपर्यंत.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा स्टँडवर मी तो आवाज ऐकला आणि चालता चालता थांबले. हा माणूस बोलतो की. पुढं मला सवयच लागली. दळण टाकून यायला, भाजी आणायला म्हणून निघायची आणि स्टँडवर जाऊन बाकावर बसायची. पिशवी मांडीवर, पदर डोक्यावर, जशी काय मी सोनपेठच्या गाडीची वाट बघायली. गाडी लागायची, भरायची, निघून जायची, मी बसलेली. एकदा एका कंडक्टरनं विचारलं, "बाई, कुठं जायचंय तुमाला? कवाधरनं बघायलोय." मी मान हलवली. त्याला वाटलं मी मुकी आहे. त्यानं मला हातवारे करून समजावलं, की शेवटची गाडी साडेसहाला आहे.

नवऱ्याचा आवाज ऐकायला बसस्टँडवर जाणारी बाई या जिल्ह्यात मी एकटीच असेन. ह्यांना हे ठाऊक होतं का? त्यांच्या खोलीला काच होती, पण काच धुळीनं माखलेली. मी कधी सांगितलं नाही. ते कधी बोलले नाहीत. बाकावर बसल्या बसल्या मी उखाणे करायची. त्यातला एक मला स्वतःला फार आवडायचा, ह्यांच्यासमोर तोच म्हणायचा असं मी ठरवून ठेवलं होतं. तो पुढं येईल.

एकदा, एकदाच, मी त्यांना विचारलं, "तुमी माईकवर एवढं कसं बोलता हो?" ते बराच वेळ नखं बघत राहिले. मग म्हणाले, "तिथं कुणी तोंडाकडं बघत न्हाई." आमच्या संसारातलं हे सगळ्यात लांब संभाषण. त्याच्यावर मी किती वर्षं काढली. मला वाटलं, पटलं, आपल्यासारखंच आहे हे. आपल्याला समजलं म्हणजे त्यालाही समजलं असणार की आपल्याला समजलं आहे. आमच्यासारख्या माणसांची सगळ्यात मोठी फसगत हीच. समोरच्या गप्प माणसाच्या आत आम्ही आमचंच बोलणं भरतो आणि त्यालाच ओळख म्हणतो.

मूलबाळ झालं नाही. त्यावरही आम्ही कधी बोललो नाही. सासूबाई बोलल्या, वन्सं बोलल्या, गल्ली बोलली. आम्ही दोघं रात्रीची भांडी आवरून आपापल्या भिंतीकडं तोंड करून पडायचो.

ती वर्षं नावाची होती. विद्यापीठाला कोणतं नाव द्यायचं यावरून आख्खा मराठवाडा पेटला होता आणि आत धुमसत होता. अधूनमधून बंद पुकारला जायचा, गाड्या बंद व्हायच्या, आणि गाड्या बंद म्हणजे ह्यांचा आवाज बंद. त्या दिवशी हे घरी बसून खिळे सरळ करायचे. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एक शाळेतल्या बाई आणि त्यांची म्हातारी आई राहायला आल्या होत्या. बौद्ध कुटुंब. गावाकडचं घर त्या पहिल्या दंगलीत जाळलं होतं लोकांनी. मला हे बाईंनी कधी सांगितलं नाही, त्यांच्या आईनं एकदा चूल पेटवताना सांगितलं, आणि सांगून परत चूलच फुंकत बसल्या. बाई माझ्यासारख्या कमी बोलायच्या, म्हणून मला त्या आपल्या वाटायच्या. उशिरा लक्षात आलं की दोघींचं गप्प बसणं एक नव्हतं. मी जन्मतः तशी होते. त्यांना घर जळाल्यावर शिकावं लागलं होतं.

पण मोजून बोलायच्या आणि लागेल असं बोलायच्या. एका संक्रांतीला वन्संची थट्टा भिंतीपलीकडून त्यांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी नळावर म्हणाल्या, "वैनी, कमाल हाय तुमची. तुमाला एक नाव घ्यायला लाज वाटायली, आन आमची पोरं एका नावापायी काठ्या खायलीत." मी घागर भरून वाहू दिली. उत्तर सुचलं ते दुपारी.

मग ह्यांचा आवाज बसला. आधी वाटलं धुळीनं. काढे झाले, हळदीचं दूध झालं. तंबाखू होती, ती बंद केली. स्टँडवर लोक म्हणायला लागले, "कंट्रोलरसायबाचा गळा बसलाय जणू." मी बाकावर बसून ऐकायची. सोनपेठ हा शब्द त्यांच्या तोंडातून फाटून यायचा. माहेर फाटल्यासारखं वाटायचं. नंतर त्यांना माईकवरून काढून टेबलावर बसवलं, आणि नंतर औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घशाचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज काढून घेतला.

घरी आणलं तेव्हा ते पलंगावर आणि मी खाली. काही लागलं की चमच्यानं पेल्यावर टिचकी मारायचे. एक टिचकी म्हणजे पाणी किंवा हो, दोन म्हणजे उशी. लोक येऊन म्हणायचे, "अरेरे, आता घरात बोलायचं कुणी?" मला मनात हसू यायचं. आधी कोण बोलत होतं?

पण ते खरंच होतं, की आता दोघांचं बोलायची पाळी माझी होती. मी बसायची त्यांच्यापाशी आणि ठरवायची, आज बोलायचं. काय वाट्टेल ते. बाकाचं सांगायचं. काचेचं विचारायचं. मापाचं विचारायचं. ते माझ्याकडं बघायचे. ते बघतात म्हटलं की माझ्या घशात तेच तांदूळ. शेवटी मी म्हणायची, "चहा करू?" एक टिचकी.

एका दुपारी वन्सं आल्या. रडून आल्या होत्या, डोळ्यांवरून कळत होतं. आल्या आल्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता तरी घे गं." आवाजात थट्टा नव्हती. "त्याला ऐकू यायलंय अजून. उद्याचं कुणी बघितलंय? एकदा घे. मी कान झाकून घेते पायजे तर."

आणि खरंच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मोठं माणूस, पांढरे केस, कानांवर हात ठेवून भिंतीकडं बघत बसलेलं.

मी पलंगाजवळ उभी राहिले. आवडता उखाणा तयार होता, कितीतरी वर्षांचा. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बहिणीकडं. आणि हात लांब करून पेल्याला धक्का दिला. पेला आडवा झाला, पाणी उशाशी ठेवलेल्या गोळ्यांवरून घरंगळत जमिनीवर आलं. वन्सं कानांवरचे हात सोडून उठल्या, मी फडकं आणायला पळाले. नाव राहिलं.

फडकं पिळताना मला काय वाटलं ते लिहिते. बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. तेच मापासारखं, त्यांनी पुन्हा मला सोडवलं. एवढी मी आभारी झाले त्यांची त्या मोरीपाशी. त्या आभाराचं काय करू मी आता? माझी सुटका व्हावी म्हणून त्यांनी पेला पाडला, की त्यांना ऐकायचंच नव्हतं? की हात नुसता पाण्याकडं गेला होता आणि अंदाज चुकला? पेल्यावर टिचकी मारायला चमचा होता का हातात? चमचा तर बाजूलाच पडलेला होता. मी हे इतक्या वेळा मनात मांडून बघितलं आहे की आता मला पेल्याचा रंगही नीट आठवत नाही. मनात जगणाऱ्या माणसाला मनातलीसुद्धा गोष्ट शाबूत राहत नाही.

त्यानंतर पंधरवड्यातच ते गेले. टिचकी वाजेना म्हणून मी बघायला गेले.

दहाव्यानंतर वन्सं माझ्याशी फार मऊ वागायला लागल्या. "जेवलीस का," "पड जरा." नावाचं काढेनात. पहिल्यांदा मला वाटलं दुःखात विसरल्या असतील. मग संक्रांत आली, आणि मला कळलं. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे मला ठाऊक होतं, सगळ्यांना असतं. तिला नाव घे म्हणत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जन्मभर मी देवाकडं एकच मागितलं होतं, की लोकांनी मला बोल म्हणू नये. देवानं ऐकलं. आता मला कुणीच बोल म्हणणार नव्हतं.

त्या संक्रांतीच्या संध्याकाळी मी दार लोटून बसले होते. गल्लीत बायकांची ये-जा, वाणाच्या ताटल्यांचे आवाज, मधूनच कुणीतरी नाव घेतलं की हशा. दार वाजलं. शेजारच्या बाई. हातात पेढ्यांचा कागद.

"वैनी, नाव झालं," म्हणाल्या. रेडिओवर ऐकलं होतं त्यांनी. विद्यापीठाच्या जुन्या नावाला जोडून नवं नाव लागलं होतं.

"संपलं म्हणायचं मग?" मी म्हणाले.

"अर्दं झालं. मागितलं व्हतं येगळं, दिलं जोडून." त्या खाली बसल्या. "माय म्हणायली, पेढा कुणाला देऊ नगं, बाहेर अजून तंग हाय. म्हटलं शेजारी तरी देते." माझ्या हातावर पेढा ठेवला. दिवसभरात माझ्या घरी आलेली ती एकटी बाई. मग इकडंतिकडं बघून त्यांनी विचारलं, "एवढ्या वर्सात मी तुमच्या तोंडून सायबाचं नाव ऐकलं न्हाई. आज आमचं झालं. तुमीबी घेऊन टाका."

आणि मी घेतलं, तोच बाकावरचा उखाणा. घसासुद्धा खाकरावा लागला नाही. तीन नंबरच्या फलाटाला गाडी लागली सोनपेठ. पुढं त्यांचं नाव. बोलले साऱ्या जगाशी, माझी तेवढी राहिली भेट.

बाईंनी पेढ्यांचा कागद घडी घालून ठेवला. मग शाळेतल्या बाईच त्या, म्हणाल्या, "सोनपेठ आन भेट. यमक वढून आणलंय जरा." आम्ही दोघी हसलो. नंतर मी जे रडले त्याचं कारण त्यांना वाटलं तसं नव्हतं. इतकं सोपं होतं ते. दोन ओळी. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी मी एका माणसाला आख्खा संसारभर ताटकळत ठेवलं, असलाच तो ताटकळत तर. आणि नसला, तर मी कशासाठी रडायले?

लोक म्हणतात, शांत माणसं खोल असतात. असतील. आडही खोल असतो. पोहरा पोचला नाही तर वरच्या माणसाला त्या पाण्याचा काय उपयोग.

तेव्हापासून मी दुसऱ्यांना उखाणे करून देते. मनात ढीग पडलेला होता, तो कुणाच्या तरी तोंडून बाहेर जातो, एवढंच. बायका तारीफ करतात. मी लग्नात मागच्या रांगेत बसून ऐकते, स्टँडवर बसायची तशी.

परवा वन्संची लेक आली. तिचं लग्न ठरलं आहे. वन्सं आता थकल्या, ऐकू कमी येतं, लेकीबरोबर आल्या की दाराशी आरामखुर्चीत बसून असतात. पोरीला मी एक उखाणा करून दिला. तिनं तो बोटांवर अक्षरं मोजत म्हणून बघितला, पुन्हा म्हणून बघितला, आणि तोंड वाकडं केलं.

"मामी, हा बसंना झालाय. नावापाशी लंगडायलाय."

"दाखव."

"आमच्या ह्यांचं नाव दोन अक्षरी. तुझ्या उखाण्यात चार अक्षरांची जागा हाय. मागच्या वर्षी ताईला दिलास त्यातबी असंच होतं, तिला मधी दोनदा थांबावं लागलं. तुझ्या सगळ्याच उखाण्यात चार अक्षरांची जागा कशी गं?"

मी मेथी निवडत होते. काड्या एकीकडं, पानं एकीकडं. ह्यांचं नाव चार अक्षरी होतं. दाराशी वन्संनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. ऐकू कमी येतं त्यांना, असं सगळे म्हणतात.

"पुढं राव लाव," मी पोरीला म्हणाले.

"राव लावलं की सासऱ्याचं नाव घेतल्यासारखं वाटायलंय."

"लाव गं," दारातून वन्सं म्हणाल्या. "मामीला नको विचारू."